लाइट गेली की सर्व्हर आडवा: एनएफएस कर्नल क्रॅशच्या नोंदी

३० मे २०२३

विभागाचा फाइल सर्व्हर काल संध्याकाळी पुन्हा आडवा झाला. मे महिन्यातली ही तिसरी वेळ. लॅबमधल्या ४० पीसींच्या होम डिरेक्टरी याच मशीनवरून एनएफएस ४.१ने (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत) माउंट होतात, त्यामुळे हा पडला की मुलांचे स्क्रीन जिथल्या तिथे गोठतात. रीबूटला सहा मिनिटं, त्यावर एनएफएसचा ९० सेकंदांचा ग्रेस पीरियड, म्हणजे जुने क्लायंट परत जोडून घ्यायची मुदत. सबमिशनच्या दिवसांत एवढा वेळही मुलांना परवडत नाही.

मशीनवर ५.१५ मालिकेतला दीर्घ मुदतीचा लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आहे. आम्हीच बिल्ड केलेला, वर आमचे तीन छोटे पॅच, म्हणजे कोडमधले बदल. हाताशी पुरावा एकच: मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यात शेवटच्या २५ ओळी दिसतात. ‘लिस्ट डेल करप्शन’ (यादीतली कडी काढताना यादी बिघडलेली निघाली) हे शब्द, खाली एनएफएसडीच्या, म्हणजे कर्नलमधल्या एनएफएस सर्व्हरच्या, लॉन्ड्रोमॅटचं नाव, आणि ‘टेंटेड’च्या ओळीत बाहेरच्या मॉड्युलची खूण नाही. लॉन्ड्रोमॅट म्हणजे एनएफएसडीतला साफसफाईचा कामगार. मुदत संपलेले क्लायंट आणि परत न आलेल्या डेलिगेशन (क्लायंटला फाइल स्वतःपाशी ठेवायची परवानगी) ठरावीक वेळाने काढून टाकणं हे त्याचं काम.

लॅबचे मामा म्हणाले, “सर, लाइट गेली की तुमचा सर्व्हर जातोय बघा.” मी म्हटलं, मामा, सर्व्हर यूपीएसवर आहे, रॅकचा स्विचही यूपीएसवर आहे, त्याचा संबंध नाही.

२ जून

यादीचे पॉइंटर बिघडलेत म्हणजे मेमरी खराब असेल, असं धरून चाललो. मेमटेस्ट १४ तास चालवला, एकही चूक नाही. तरीही ३२ जीबीच्या दोन ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणाऱ्या) पट्ट्या मागवल्या, ₹२३,५००. ईसीसीच्या लॉगमध्ये एकही दुरुस्तीची नोंद नव्हती, हे आधी पाहायला हवं होतं. पैसे गेले ते गेलेच, दुकानदार उघडलेली पट्टी परत घेत नाही.

६ जून

केडम्प बसवला, म्हणजे क्रॅश झाला की दुसरा छोटा कर्नल उठून मेमरीची प्रत (डम्प) डिस्कवर लिहितो. हे पहिल्याच दिवशी करायचं काम होतं.

पहिल्या प्रयत्नात दुसऱ्या कर्नलसाठी १६० एमबी राखून ठेवले आणि सिसआरक्यूने (कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) मुद्दाम क्रॅश घडवला. डम्प घेणारा कर्नल उठला, डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर लोड करता करता त्याचीच मेमरी संपली आणि मशीन सरळ रीबूट झालं. फोल्डर रिकामं. ५१२ एमबी दिल्यावर डम्प व्यवस्थित लिहिला गेला. केडम्प नुसता चालू करून ठेवला आणि चाचणी घेतली नाही, तर खऱ्या क्रॅशच्या वेळी काहीच हाती लागत नाही. चाचणी रात्री दहानंतर घ्या, कारण ती म्हणजे खरंखुरं पाडणंच असतं.

सोबत नेटकन्सोलही लावला. कर्नलचे संदेश यूडीपीवरून शेजारच्या मशीनवर जातात, त्यामुळे फोटोवर अवलंबून राहावं लागत नाही.

९ जून

चौथा क्रॅश, यावेळी व्हीएमकोअर (डम्पची फाइल) मिळाला. डम्प वाचायचं क्रॅश हे टूल उघडलं तर ते म्हणालं, व्हीएमलिनक्स (बिल्ड झालेल्या कर्नलची फाइल) आणि व्हीएमकोअर जुळत नाहीत. बिल्ड झाल्यावर जागा वाचवायला डीबग माहितीसकटची व्हीएमलिनक्स फाइल मी पुसून टाकलेली होती. त्याच सोर्समधून, त्याच कॉन्फिगने पुन्हा बिल्ड केलं, पण दरम्यान मशीनवरचा कंपायलर अपडेट झालेला असल्याने पत्ते जुळेनात. पूर्ण दिवस गेला.

नवा बिल्ड बसवला, त्याचं व्हीएमलिनक्स वेगळ्या डिस्कवर कॉपी केलं. आता पुढच्या क्रॅशची वाट.

डम्पमधला लॉग मात्र वाचता येतो, आणि त्यात फोटोत कधीच न आलेली गोष्ट सापडली. कोसळण्याच्या १४ सेकंद आधी एक इशारा आहे: लॉन्ड्रोमॅट जी डेलिगेशन काढायला गेला, ती आधीच काढलेली होती. त्यामागे रेफरन्स काउंट (एखादी वस्तू किती जण धरून आहेत त्याची मोजणी) शून्याखाली गेल्याचा दुसरा इशारा. आणि मग कोसळणं. स्क्रीनवर आम्हाला कायम शेवटचाच संदेश दिसत होता. पहिला इशारा वर सरकून गेलेला असायचा.

डेलिगेशन म्हणजे काय, ते एका ओळीत लिहितो, पुढे लागेल. सर्व्हर क्लायंटला सांगतो, ही फाइल वाचायला तुझ्यापाशी ठेव, दरवेळी विचारू नकोस, कुणी लिहायला आलं तर मी परत मागीन. ते परत मागणं म्हणजे रिकॉल. मागूनही परत न आलेल्या डेलिगेशन सर्व्हरपाशी एका यादीत थांबतात, आणि लीजची मुदत, म्हणजे ठेवलेल्या सेटिंगनुसार ९० सेकंद, उलटली की लॉन्ड्रोमॅट त्या रद्द करतो.

१९ जून

पाचवा क्रॅश. डम्प आणि व्हीएमलिनक्स जुळले.

क्रॅश टूलमध्ये रिकॉलच्या यादीच्या टोकापासून एकेक कडी चालत गेलो. दुसऱ्या कडीचा ‘पुढचा’ तिसरीकडे बोट दाखवतो, पण तिसरीचा ‘मागचा’ दुसरीकडे नाही, भलतीकडेच. त्या तिसऱ्या पत्त्यावर केमेम चालवलं. उत्तर आलं की ही जागा डेलिगेशनच्या स्लॅबमधली (एकाच प्रकारच्या वस्तूंसाठी राखलेल्या मेमरीतली) आहे आणि ती मोकळी आहे. म्हणजे ज्या वस्तूची मेमरी कधीच परत दिली गेली आहे, ती अजून जिवंत यादीत अडकलेली आहे.

हे कळल्यावर मी चुकीच्या बाजूला गेलो. डेलिगेशन आणि लॉन्ड्रोमॅट हा मूळ कर्नलचा कोड, क्रॅशही तिथेच, तेव्हा दोष मूळ कोडचाच, हे गृहीत धरलं. ५.१५च्या पुढच्या सगळ्या स्थिर आवृत्त्यांतले एनएफएसडीचे बदल एकेक करून वाचले. तीन दिवस. ‘टेंटेड’च्या ओळीनेही दिशाभूल केली. बाहेरच्या मॉड्युलची खूण तसं मॉड्युल लोड केलं तरच तिथे येते. आमचे पॅच कर्नलच्या झाडातच लावून बिल्ड केलेले, त्यामुळे कर्नलच्या लेखी बाहेरचं काहीच नव्हतं.

२३ जून

एका कागदावर पाचही क्रॅशच्या वेळा लिहिल्या आणि समोर यूपीएसच्या लॉगमधल्या ‘बॅटरीवर गेलो’ या नोंदी. काहीच जुळेना. तासाभराने लक्षात आलं की केडम्पच्या फोल्डरच्या नावातली वेळ यूटीसी आहे आणि यूपीएसची भारतीय. पाच तास तीस मिनिटं मिळवली, तर डम्प असलेले दोन्ही क्रॅश वीज जाऊन आल्यावर दोन ते चार मिनिटांत झालेले. डम्प नसलेल्या तीनपैकी दोन तसेच, तिसऱ्याची नेमकी वेळ माहीत नाही.

मामांनी ३० मेला सांगितलेलं तंतोतंत खरं होतं. आज जाऊन त्यांना तसं सांगितलं, आणि लाइट जाते तेव्हा लॅबमध्ये नेमकं काय होतं तेही नीट विचारलं. ते म्हणाले, “बॅटऱ्या गेल्यापासून पीसी सगळे एकदम बंद पडतात, आणि लाइट आली की आपोआप चालू होतात. मला बटणं दाबावी लागत नाहीत.” लॅबच्या यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या वर्षी संपल्या, नव्या आल्या नाहीत. सर्व्हरला वीज गेल्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या बाजूने बघितलं तर ४० क्लायंट एका क्षणी गप्प होतात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात नव्याने जन्मल्यासारखे परत येतात.

पण मग प्रत्येक वेळी क्रॅश का नाही? यूपीएसच्या लॉगमध्ये मेपासून अशा ४४ नोंदी आहेत, क्रॅश पाच.

डेलिगेशनच्या एकट्या स्लॅबसाठी स्लब डीबग (स्लब म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) चालू करून रीबूट केलं. तपासणी, रेडझोन, पॉयझन आणि कुणी घेतलं-सोडलं याची नोंद, हे चारही पर्याय. पॉयझन चालू असलं की मोकळ्या केलेल्या जागेत ६बी हा बाइट ओळीने भरला जातो, त्यामुळे ती जागा नंतर कुणी वापरली की लगेच उघडं पडतं. एकाच स्लॅबवर असल्याने वेगात काही फरक जाणवला नाही.

२९ जून

आषाढी एकादशीची सुट्टी, लॅब रिकामी. परवानगी घेऊन ठेवली होती. मामा सुट्टी असूनही आले, आल्याआल्या म्हणाले, “आज उपास आहे सर, पण काम होऊ दे.” त्यांनी एमसीबीपाशी उभं राहायचं, मी फोनवर सांगेन तेव्हा पाडायचा आणि पाच सेकंदांनी चढवायचा.

दुपारी १२ ते १ या वेळात चारदा केलं. काही नाही.

मग यादी केली की या ४० पीसींना एकाच वेळी डेलिगेशन कशाची मिळते. क्लायंटची माहिती कर्नल प्रॉकमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये) देतो, प्रत्येक क्लायंटच्या स्टेट फाइलमध्ये त्याच्यापाशी काय आहे ते दिसतं. सगळ्यांपाशी एक फाइल समान: लॅबचं वेळापत्रक, जे प्रत्येक पीसी दर मिनिटाला वाचतो. ती फाइल सर्व्हरवरचा क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी नव्याने लिहितो. लिहायला गेला की ४० रिकॉल एकदम.

म्हणजे पीसी मेलेले असताना क्रॉन चालला पाहिजे. १:२४:५० ला मामांना सांगितलं, पाडा. १:२५:०० ला क्रॉन. १:२५:२२ च्या आसपास पहिले पीसी उठून परत जोडले जाऊ लागले. १:२५:३० ला नेटकन्सोलवर क्रॅश.

यावेळी लॉन्ड्रोमॅट नाही. जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, पत्ता ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी, आणि वर्कक्यूच्या (नंतर करायच्या कामांच्या रांगेच्या) ओळीत फंक्शनचं नाव आमचं. मी २०२१ मध्ये लिहिलेल्या पॅचमधलं.

३० जून

तो पॅच का होता, तेही लिहितो. तेव्हा क्लायंट १२ होते, त्यांत काही लॅपटॉप. लॅपटॉप डेलिगेशन घेऊन झोपायचा, दुसरा कुणी ती फाइल लिहायला गेला की ९० सेकंद अडकायचा. म्हणून मी रिकॉल सुटताना ३० सेकंदांनी चालणारं एक काम रांगेत टाकलं. डेलिगेशन तोवर परत आली नसेल, तर हे काम तिची वेळ मागे ओढतं आणि तिला यादीच्या पुढे सरकवतं, म्हणजे लॉन्ड्रोमॅट लवकर रद्द करील.

या कामापाशी डेलिगेशनचा नुसता पॉइंटर होता. रेफरन्स घेतलेला नव्हता. क्लायंटने डेलिगेशन रीतसर परत केली तर मी काम रद्द करत होतो, आणि मला वाटत होतं, बस, एवढाच मार्ग आहे. पण डेलिगेशन मोकळी होण्याचे मार्ग आणखी आहेत. क्लायंट वीज जाऊन रीबूट झाला की तो त्याच नावाने पण नव्या बूटच्या खुणेने येतो, सर्व्हर त्याची जुनी सगळी स्टेट (त्याच्याबद्दल ठेवलेल्या नोंदी) टाकून देतो, त्यात डेलिगेशनही मोकळी होते. माझं काम रद्द होत नाही. तिसाव्या सेकंदाला ते उठतं आणि मोकळ्या जागेला यादीत घालतं. पुढे लॉन्ड्रोमॅट तिथे पोचतो आणि तो पडतो.

रिकॉल सुटल्यापासून ३० सेकंदांच्या आत पीसी परत यायला हवा, आणि क्रॉन दर ३०० सेकंदांनी. म्हणजे ढोबळ हिशेबाने दहा वेळा लाइट गेली तर एकदा क्रॅश. ४४ला पाच. जुन्या काळी १२ क्लायंट होते आणि लॅब यूपीएसवर होती, त्यामुळे दोन वर्षं हे कधी दिसलंच नाही.

२ जुलै

दुरुस्ती चालू सर्व्हरवर तपासायची नाही, म्हणून क्यूईएमयूवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक सर्व्हर आणि दोन क्लायंट उभे केले. सर्व्हरच्या कर्नलमध्ये केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा) आणि लॉकडेप (लॉक घेण्यातल्या चुका पकडणारा) चालू. केसॅन आठवा हिस्सा मेमरी स्वतःकडे ठेवतो आणि मशीन चांगलंच मंदावतं, त्यामुळे हे व्हर्च्युअल मशीनवरच करा. वीज जाण्याची नक्कल व्हर्शच्या (व्हर्च्युअल मशीन हाताळायची आज्ञा) रीसेटने अचूक होते. नेहमीचं शटडाउन चालत नाही, कारण क्लायंट अनमाउंट करताना डेलिगेशन परत देऊन जातो.

इथे दोन दिवस गेले, दोन कारणांनी.

एक, दोन्ही क्लायंट एकाच इमेजवरून क्लोन केलेले, दोघांचं होस्टनेम तेच. लिनक्सचा क्लायंट सर्व्हरला आपली ओळख होस्टनेमवरून सांगतो. सर्व्हरला वाटत होतं की एकच क्लायंट सारखा रीबूट होतोय, आणि दोघं एकमेकांची स्टेट उडवत होते. होस्टनेम वेगळी दिल्यावर थांबलं.

दुसरं कारण शोधायला वेळ लागला. लवकर क्रॅश व्हावा म्हणून मी फाइल दर पाच सेकंदांनी लिहीत होतो. पहिला रिकॉल व्हायचा, मग एकही नाही. एनएफएसडी नुकत्याच रिकॉल झालेल्या फाइली एका ब्लूम फिल्टरमध्ये लक्षात ठेवतो आणि ३० ते ६० सेकंद त्या फाइलवर नवी डेलिगेशन देतच नाही. घाई केल्याने मी ज्याची वाट पाहत होतो, तेच बंद पाडत होतो. दर खेपेला नवी फाइल वापरली, आणि पहिल्याच रीसेटला केसॅनचा अहवाल आला: जागा कुणी घेतली, कुणी सोडली आणि सोडल्यावर कुणी वापरली, तिन्ही स्टॅक एकाखाली एक.

४ जुलै

पहिली दुरुस्ती: काम रांगेत टाकताना डेलिगेशनचा काउंट एकने वाढवायचा, काम संपताना सोडायचा. तपासलं तर लॉकडेप लगेच ओरडला. मी काउंट स्टेट लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) हातात असताना सोडत होतो. शेवटचा काउंट सुटला की त्या फाइलची नोंदही सुटते, आणि ती सोडणारं फंक्शन तेच स्टेट लॉक मागतं. स्वतःच स्वतःची वाट पाहत बसलं असतं. लॉकडेप नसता तर हे चालू सर्व्हरवर गोठण्याच्या रूपाने दिसलं असतं, आणि तिथे साधा ऊप्सही (कर्नलचा चुकीचा संदेश) मिळाला नसता.

काउंट सोडणं लॉकच्या बाहेर आणलं. यादीत सरकवण्यापूर्वी डेलिगेशन अजून फाइलच्या यादीत आहे का, तेही तपासायला घातलं. २० रीसेट झाले, शांत.

६ जुलै

रीसेट ४० वेळा आपोआप होईल अशी स्क्रिप्ट रात्रभर लावली होती. सकाळी केसॅनचा नवा अहवाल: काउंट सोडणाऱ्या फंक्शनमध्ये, स्पिनलॉक घेताना, मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर.

यावेळी डेलिगेशन जिवंत होती, मेला होता तो क्लायंट. डेलिगेशनचा शेवटचा काउंट सोडताना तिच्या क्लायंटच्या संरचनेतलं लॉक घ्यावं लागतं. माझ्या रेफरन्सने डेलिगेशन धरून ठेवली, पण तिच्या मालकाला धरलं नाही. कर्नलच्या स्वतःच्या रिकॉलना ही अडचण येत नाही, कारण क्लायंट मोकळा करण्यापूर्वी तो कॉलबॅक संपण्याची वाट पाहतो. त्या वाट पाहण्यात माझं काम मोजलेलं नाही.

म्हणजे क्लायंटलाही धरायला हवं, आणि क्लायंट संपवण्याच्या मार्गात माझ्या कामासाठी थांबायची जागा हवी. चहा घेऊन पॅच पुन्हा वाचला. मुळात ९० सेकंदांची मुदत क्लायंटला मिळायलाच हवी, ती ३० वर ओढणं हीच पॅचमधली पहिली चूक. शिवाय यादी वेळेनुसार लावलेली आहे याच भरवशावर लॉन्ड्रोमॅट पहिली न संपलेली कडी दिसली की थांबतो, आणि मी त्या यादीत मधूनच पुढे घुसवत होतो. ज्या लॅपटॉपांसाठी हे केलं, ते आता या सर्व्हरवर नाहीतच.

पॅच पूर्ण काढला. कोणता क्लायंट अडवतोय ते कळण्यासाठी प्रॉकमधल्या क्लायंटच्या माहितीवर मिनिटाला नजर टाकणारी १५ ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. ती कर्नलच्या बाहेर चालते, तिने काहीही चुकलं तरी सर्व्हर पडणार नाही.

८ जुलै

नवा बिल्ड चालू सर्व्हरवर. व्हीएमलिनक्स, कॉन्फिग आणि कंपायलरची आवृत्ती एकत्र जपून ठेवली. उरलेले दोन पॅचही आज ओळीओळीने वाचले. त्यांपैकी एक फक्त लॉगचा मजकूर बदलतो, तो ठेवला. दुसरा कशासाठी होता ते कुणालाच आठवेना आणि कमिटच्या संदेशातही नव्हतं. काढून टाकला.

मग मामांबरोबर तीच चाचणी, क्रॉनच्या दहा सेकंद आधी एमसीबी पाडून, सहा वेळा. सर्व्हर उभा राहिला. वेळापत्रक लिहिणारा क्रॉन मात्र प्रत्येक वेळी पीसी परत येईपर्यंत अडकून राहतो, ते तसंच असायला हवं.

१९ जुलै

खर्च: रॅम ₹२३,५०० (वाया), डम्प ठेवायला एक टीबीची डिस्क ₹३,८००. प्रत्यक्ष कामाचे दिवस १७. त्यातले रॅममागे दोन, जुळत नसलेल्या व्हीएमलिनक्सवर एक, मूळ कर्नलचे बदल वाचण्यात तीन, व्हर्च्युअल क्लायंटपायी दोन. लॅबच्या यूपीएसच्या बॅटऱ्यांचं कोटेशन काल विभागप्रमुखांकडे दिलं, सोबत यूपीएसच्या लॉगची प्रत जोडली.

पाऊस लागून राहिलाय. आज दुपारी ३:१९:५२ ला लाइट गेली आणि ३:२०:०४ ला आली, मधे क्रॉन चालून गेला. नेटकन्सोल उघडाच ठेवला होता. ४० क्लायंट परत जोडले गेले, एकही इशारा नाही. सर्व्हरचा अपटाइम ११ दिवस.